पुढची ओळ दुसऱ्याची

३ मार्च

भिंगरीस,

चार वर्षांतलं पहिलं पत्र आहे म्हणून वर 'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. तेव्हा मुद्द्याचंच लिहिते.

बाबांना सात जानेवारीला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. तेव्हा कळवलं नाही, कारण आईच्या वेळी कळवून पाहिलं होतं. त्यांचा फोन बिघडलाय, म्हणून तुला लागत नसेल. घाबरू नकोस, ये म्हणत नाहीये. हे पत्र येण्याबद्दल नाहीच.

दवाखान्यातून घरी आणल्यावर महिनाभर ते नुसतं 'तातता' करायचे. समजत सगळं होतं, तोंडातून मात्र तेवढंच निघायचं, आणि मग स्वतःवर चिडून डाव्या हाताने पांघरूण ओढायचे. एकदा सकाळी मी त्यांची दाढी करत होते. गालाला साबण, मी वस्तरा धुतेय, आणि ते गायला लागले. अख्खी ओळ, एकेक शब्द स्वच्छ. तुमच्या त्या स्पॅनिश गाण्यांतली.

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक बाई येतात, झटका आलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या. मी त्यांना बोलवणाऱ्या बाई म्हणते. त्या म्हणाल्या, होतं असं, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शाबूत राहतं, तुम्ही आपल्या भाषेतली गाणी म्हणून घ्या. आता बाबांनी आपल्या भाषेत कधी गाणं म्हटलंय का? आईने एकदा आग्रह केला तर म्हणाले, माझ्यापेक्षा लिफ्टची मोटर सुरात आहे. जे काही गायले ते तुझ्याबरोबर. लिफ्ट दुरुस्त करायला गेले आणि घर सोडून चाललेल्या गिऱ्हाइकाने रेकॉर्डींचं खोकं गळ्यात मारलं, तेव्हापासून दर रविवारी दुपारी तुम्ही दोघं खोलीत आणि मी स्वयंपाकघरात, दार लावून. आठ वर्षं.

तर आता आपल्या घरात एक माणूस आहे, ज्याला तहान लागली की तो स्पॅनिशमध्ये गातो. ती भाषा घरात एकटीलाच येते, आणि ती एकटी घरात नाही.

मागच्या पानावर अकरा ओळी लिहिल्यात, मला ऐकू आल्या तशा. प्रत्येकीपुढे अर्थ लिही आणि पाठव. तुमची ती गाण्यांची लांबडी वही मला सापडत नाही.

ताई

२९ मार्च

भिंगरीस,

पार्सल मिळालं. अकरा ओळींचे अर्थ मागितले तर नऊशे पानांचा शब्दकोश आला. पोस्टमनला वाटलं वीट आहे.

सोबतची चिठ्ठीही वाचली. तुला फार वाईट वाटलं, रडलीस, तू शिकवतेस त्या शाळेच्या परीक्षा संपेपर्यंत तिथून हलता येत नाही, हे सगळं वाचलं. माझ्या ओळी तुला ओळखू येत नाहीत, कारण मी तीन तीन शब्द जोडून लिहिलेत, हेही वाचलं. आणि वहीत प्रत्येक गाणं अर्थासकट लिहिलंय, कपाटाच्या वरच्या फळीवर बघ, हे दोनदा वाचलं. वरच्या फळीवर नाहीये. शोधली.

शब्दकोशाचा उपयोग कसा करायचा तेही कळवायला हवं होतंस. 'आग्वा' म्हणजे पाणी, हे मला त्याच्या आधीच कळलं होतं, कारण पाणी दिल्यावर ते गप्प झाले. 'लूस'ला दिवा लावला, 'फ्रीओ'ला पांघरूण घातलं. एक जुनी वही केलीय, डाव्या बाजूला ओळ आणि उजव्या बाजूला काय दिल्यावर गप्प झाले ते. पण एक ओळ आहे, दिवसातून दहा वेळा तीच. म्हणतात आणि माझ्याकडे बघत राहतात. पाणी दिलं, खिडकी उघडली, बंद केली, उशी बदलली, लघवीचं भांडं दिलं. मग जे हातात असेल ते फेकतात. आत्तापर्यंत तीन कप गेले. जेवतही नाहीत धड. डॉक्टरांनी सांगितलंय, असंच वजन उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. तेव्हा हा माझा हौसेचा अभ्यास नाही.

एक मास्तर मिळालाय. तुला हसू येईल. मी अजून तिथेच काम करते, पुढे दातांच्या डॉक्टर आणि मागच्या खोलीत मी, कवळ्या करत. मागच्या आठवड्यात एक म्हातारे मापाला आले. तोंडात एक दात नाही. तीस वर्षं मालवाहू बोटीवर आचारी होते आणि बोटीवरचे निम्मे खलाशी स्पॅनिश बोलणारे. ते प्लास्टर सुकायची वाट बघत गुणगुणत होते आणि माझ्या हातातला साचा पडायचा राहिला. म्हटलं, काका, हे तुम्हाला येतं? म्हणाले, येतं म्हणजे, भाषा सगळी गाण्यांतूनच शिकलो, पुस्तक कोण देतंय कांदे सोलताना.

ते आता मला शिकवणार आहेत. बिनदाताचा मास्तर. तुझ्यापेक्षा बरा, समोर बसतो तरी.

ताई

२० एप्रिल

भिंगरीस,

तुझं दुसरं पत्र आलं. त्यातही वहीच. निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर चहाचा डाग, बाबांच्या अक्षरात ओळी आणि तुझ्या अक्षरात अर्थ. मला काय सांगतेस, मला दिसतेय ती.

ती वही मी रद्दीत घातली. रेकॉर्डीही भंगारवाल्याला दिल्या. झालं समाधान?

आता सगळंच सांगते. आई दवाखान्यात दहा दिवस होती, आणि दहाही दिवस तुझं नाव घेत होती. तू तिकीट मिळत नाही म्हणालीस आणि गाणं म्हणून पाठवलंस. बाबांनी फोन तिच्या कानाशी धरला. तिने विचारलं, काय म्हणतेय ही? बाबा तिला एकेक ओळ समजावून सांगत बसले, आणि मी खालची चादर बदलत होते. आईने डोळे मिटून ते सगळं ऐकलं आणि म्हणाली, छान आहे. चादर कुणी बदलली ते तिने विचारलं नाही. त्यानंतर तुला फोनवर जे बोलले ते बोलले, ते मागे घेत नाही. तिला पोचवून आल्यावर आठ दिवसांनी बाबा बाहेर गेले असताना मी कपाट रिकामं केलं. घरी आले, फळीकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "मुकादम, कपाट आवरलंस वाटतं." परत त्या वहीचा विषय त्यांनी काढला नाही. रागावले असते तर मी बोलले असते.

मुकादम. तू भिंगरी आणि मी मुकादम. लहानपणी मी या नावावरून किती रडले होते, आणि तू मुद्दाम अंगणभर ओरडत फिरायचीस.

आणखी एक. त्यांचा फोन बिघडलेला नाही. जानेवारीपासून बंद करून माझ्या कपाटात ठेवलाय. दर रविवारी दुपारी, मी बाजारात गेले की तुम्ही बोलत होतात, हे मला त्यांच्या आजारपणात फोन वाजला तेव्हा कळलं. चार वर्षं माझ्या पाठीमागे. तू मेसेज केलास, बाबा, फोन का उचलत नाही, तेव्हा 'बरा आहे, फोनचा आवाज बिघडलाय' हे मीच लिहिलं, त्यांच्या फोनवरून, आणि मग तो बंद केला. घाल काय शिव्या घालायच्या त्या.

शिक्षण चालू आहे. आचारीकाका आठवड्यातून दोनदा काही ना काही निमित्त काढून येतात, कधी वरची टोचते, कधी खालची हलते. डॉक्टर म्हणतात, या माणसाची कवळी तू मुद्दाम बिघडवतेस की काय. मेणात दात लावून बघताना आम्ही गिऱ्हाइकाला साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावतो, म्हणजे 'स' नीट निघतो की शिट्टी वाजते ते कळतं. काकांनी आकडे म्हणायला नकार दिला. बसल्या बसल्या माझ्या टेबलावर ताल धरून अख्खं गाणं म्हटलं, मध्येच एक आरोळी ठोकली, आणि बाहेर बसलेली दोन गिऱ्हाइकं उठून आत बघायला आली. म्हणाले, आरोळी गाण्यातच आहे, ती सोडली तर गाणं सपक लागतं.

दात बसल्यावर एक घोळ बाहेर आला. मी महिनाभर जे उच्चार घोकले ते त्यांच्या बोळक्यातले होते. बाबांपुढे ऐटीत एक ओळ म्हणून दाखवली तर बाबा हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूनेच हसतं आता.

काका शब्दांचे अर्थ सांगत नाहीत. आधी विचारतात, हे कोण म्हणतंय आणि कुणाला. बायको नवऱ्याला, की खाणीतला मजूर मुकादमाला, की पोरगी सोडून गेलेला बाप पोरीला. त्यावरून मग बाकीचं आपण ओळखायचं. त्यांच्या खलाशांना म्हणे घरच्यांशी भांडायचं असलं तरी गाण्यातूनच भांडायचे, जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवून, हात वाळेपर्यंत. एकेक जण बायकोला तिकडे समुद्रापार शिव्या घालायचा आणि शेवटी रडायचा. मला ती माणसं आवडली. आपल्याकडे शिव्याही नाहीत आणि रडणंही नाही, नुसतं कपाट आवरतात.

आता वहीचा विषय संपला. पुन्हा काढू नकोस.

ताई

१४ मे

भिंगरीस,

ती ओळ कळली.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी दुपारी आचारीकाकांना घरी बोलावलं. नवी कवळी घालून, केस चोपडून आले. बाबांच्या पलंगाशी खुर्ची घेतली आणि दोघं एकमेकांकडे बघत बसले. एक लिफ्टवाला, एक बोटवाला, दोघांच्यात बोलता येणारा एक. मग बाबांनी तीच ओळ म्हटली.

"किएन एस्ता एन ला ओत्रा ओरिया?"

म्हटली आणि नेहमीसारखे थांबले. मी सवयीने पाण्याचा पेला उचलला. काकांनी माझा हात धरला.

"खाली ठेव ते. काही मागत नाहीयेत ते. थांबलेत. पुढची ओळ दुसऱ्याची आहे."

मग त्यांनी समजावलं. नदीवरच्या नावाड्याचं गाणं आहे. पैलतीरावर कुणीतरी उभं आहे, अंधारात दिसत नाही. म्हातारा नावाडी हाक मारून विचारतो, पलीकडच्या काठावर कोण आहे? आणि त्याची मुलगी, बऱ्याच वर्षांनी घरी आलेली, पलीकडून उत्तर देते. उत्तर आल्याशिवाय नावाडी होडी सोडत नाही आणि गाणं पुढे जात नाही. त्यांच्या बोटीवर रिवाजच होता म्हणे, कुणी अशी ओळ टाकली की टेबलावरच्या कुणीतरी ती उचलायची. नाही उचलली तर तो त्या माणसाचा अपमान. काका म्हणाले, एकदा एकाने रागाने जेवणाचं ताट समुद्रात भिरकावलं होतं, एवढ्याचवरून.

दोन-अडीच महिने, दिवसातून दहा वेळा, बाबांनी विचारलं की कोण आहे तिकडे, आणि मी त्यांना लघवीचं भांडं दिलं.

तुम्ही दोघं ते गाणं म्हणायचात तेव्हा मी भिंतीपलीकडे होते. आठ वर्षं ऐकलं. दोन आवाज आहेत हे कानाला कळत होतं, पण एक विचारतोय आणि एक उत्तर देतोय, एवढं कधी ऐकलं नाही. उलट तुमचं गाणं सुरू झालं की मी मुद्दाम भांडी घासायला काढायची.

काकांनी उत्तराची ओळ म्हणून बघितली. बाबांनी मान फिरवली. पुरुषाचा आवाज नको होता. काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला गाता येत नाही. ते म्हणाले, त्यांना तरी कुठे बोलता येतंय. पण मला जमलं नाही. खरं सांगायचं तर जमलं नाही असं नाही, मी म्हटलं नाही. तुझी ओळ माझ्या तोंडाने का म्हणू?

तीन दिवस नाही म्हटली. चौथ्या दिवशी त्यांनी सकाळपासून एक घास घेतला नाही, संध्याकाळी नळीसाठी दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. मी दुधात पाव भिजवून समोर बसले. त्यांनी विचारलं, कोण आहे पलीकडे. मी ताटलीकडे बघत म्हटलं,

"सोय यो, पाद्रे, या बेंगो."

मीच आहे, बाबा, आता येतेच. माझ्या त्या फाटक्या आवाजात, सूर कुठल्या कुठे. बाबांनी डावा हात उचलला आणि माझ्या गालाला लावला. मी शाळेत जायला लागल्यापासून त्यांनी कधी माझ्या गालाला हात लावला नव्हता. आणि एक शब्द बोलले. गायले नाहीत, बोलले, आपल्या भाषेत, चार महिन्यांतला पहिला.

"भिंगरी."

बोलवणाऱ्या बाईंनी ऐकून टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, मोठी प्रगती आहे. मी हो म्हटलं. पूर्ण ताटली संपवली त्यांनी. नळीचं रद्द झालं.

आता रोज तीन वेळा जेवणाआधी मी तू होते. वजन वाढतंय.

ताई

११ जून

तुला भिंगरी म्हणून हाक मारत नाही आज, का ते पुढे कळेल.

रविवारी मी बाबांचा फोन कपाटातून काढला आणि तुला लावून दिला. माझा तुझ्यावरचा राग गेला म्हणून नाही, तो आहे. पण जेवणाआधी दुसऱ्याचं नाव घ्यायचा मला कंटाळा आला होता. म्हटलं, ज्याची ओळ त्याने म्हणावी.

तू रडलीस तो भाग जाऊ दे. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवून त्यांच्या उशीशी ठेवला होता. त्यांनी ओळ म्हटली. तू पलीकडून उत्तर दिलंस. छान म्हणतेस, त्यात वाद नाही. माझ्यात आणि तुझ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग त्यांनी 'भिंगरी' म्हटलं, तू ओ दिलीस, आणि दुसऱ्या दिवशी मला मेसेज केलास, 'ताई, बाबांनी मला ओळखलं. आता कशाचं काही वाटत नाही. जुलैच्या पाच तारखेला पोचते.'

तुला फोनवर जे दिसलं नाही ते सांगते. तू उत्तराची ओळ म्हटलीस तेव्हा बाबांनी फोनकडे पाहिलं, जसं कुणी वाजत असलेल्या रेडिओकडे बघावं. मधे थोडा वेळ गेला, आठवतंय? तुला वाटलं लाइन गेली, दोनदा हॅलो म्हणालीस. तेव्हा ते मान वळवून मला शोधत होते. मी मुद्दाम पायाशी उभी होते, नजरेला पडू नये म्हणून. त्यांनी मला शोधलं आणि मग ओठ हलवले. 'भिंगरी' म्हणाले ते माझ्या डोळ्यांत बघून. तू तिकडून ओ दिलीस, मी इकडून दिली. आवाज बाहेर न काढता, पण दिली. तोंडातून गेलीच.

हे कळवायची गरज नव्हती. चार दिवस पत्राचा कागद तसाच पडला होता. पण पाच तारखेला तू दारातून आत येशील, ती ओळ म्हणशील, आणि ते तुझ्या खांद्यावरून मला शोधतील. ते तुला दारात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. हे चांगुलपणाने लिहितेय असं समजू नकोस. त्यांनी फोनवरून नजर काढली तेव्हा मला बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटलं की लाज वाटली. चादरी, वस्तरा, भांडं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर माझी सरशी.

ती दिवसभर टिकली. रात्रीच्या जेवणाला त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं, मीच आहे, बाबा. आणि माझ्या लक्षात आलं की मी काय जिंकलेय. तुझं नाव. माझं ते कुठे गेलं, ते पाच महिन्यांत एकदाही निघालं नाही. ज्या नावाने मी लहानपणी उशीत तोंड खुपसून रडायचे, ते एकदा ऐकायला मिळावं म्हणून मी आता वाटेल ते देईन.

परवा आचारीकाका आले होते. म्हणाले, तुझा 'स' आता सुधारलाय, आणखी दोन वर्षांनी तुला बोटीवर घेतील. मी म्हटलं, काका, कुणी आपल्याला ओळखावं असं काही गाणं आहे का तुमच्याकडे? त्यांनी खूप आठवून पाहिलं. म्हणाले, सगळी सोडून गेलेल्यांची आहेत, मागे राहिलेल्याला फक्त प्रश्न विचारायचं काम असतं.

तू ये. पलंग हॉलमध्ये लावून ठेवते. आलीस की जेवण तू भरव, जमलं तर. पण नावाचं आपण दोघींनी काय करायचं ते मला ठाऊक नाही.

आज दुपारी भरवताना राहवलं नाही म्हणून विचारलं. गाऊन नाही, साधंच. म्हटलं, "बाबा, मुकादम कुठेय?"

त्यांना समजलं. लगेच समजलं. तोंडातला घास गिळला, डावा हात उचलला आणि स्वयंपाकघराच्या लावलेल्या दाराकडे बोट केलं.

ताई